नाकवाल्या टोमॅटोंचं काय करू?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्र नाशिकच्या एका ताईंचं आहे. वय ६१, शाळेतून निवृत्त. गच्चीवर १४ ग्रो बॅग. धाकटा मुलगा न्यू जर्सीला असतो. दोन वर्षांपूर्वी येताना त्याने बॅगेतून टोमॅटोचं चार प्रकारचं बी आणलं: कोस्तोलुतो जेनोवेसे, ब्रँडीवाइन, चेरोकी पर्पल आणि राइझेटोमाटे. सगळी 'एअरलूम', म्हणजे घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या जपलेली वाणं. ताईंनी ऑक्टोबरअखेरीस बी पेरलं. फळं आली ती चुण्याचुण्यांची, व्रण पडलेली, एकमेकांना चिकटलेली. एकाला तर चक्क नाक फुटलं, नातवाने त्याचं नाव 'नाक्या' ठेवलं. सोबत राहणारी थोरली सून हे टोमॅटो ओट्यावर बाजूला सारते आणि भाजीवाल्याकडून अर्धा किलो 'सरळ' टोमॅटो घेते. शेजारी चार दिले, ते दुसऱ्या दिवशी ओल्या कचऱ्याच्या बादलीत दिसले. "काही केमिकल मारलंय का?" असंही एकीने विचारलं. ताई लिहितात, "बाजारातले प्लॅस्टिकसारखे बेचव टोमॅटो लोकांना चालतात आणि हे खरे चालत नाहीत. पुढच्या वर्षी हे लावू, की हायब्रीड लावून मोकळी होऊ? आणि सुनेला समजावू कसं?"

ताई,

तुम्ही पाठवलेले फोटो मी आधी पाहिले, पत्र नंतर वाचलं. ते बरं झालं. पत्र आधी वाचलं असतं तर मीही सुनेवर चिडून फोटो उघडले असते.

पहिल्या फोटोत स्टीलच्या परातीत नऊ टोमॅटो आहेत. तीन अगदी चपटे, बरगड्या उठून दिसणारे, बाजाच्या पेटीच्या भात्यासारख्या खोल चुण्यांचे. हे तुमचे कोस्तोलुतो. इटालियनमध्ये 'कोस्तोलुतो' म्हणजेच बरगड्यांचा, आणि जेनोवेसे म्हणजे जेनोव्हाचा. त्यांना काही झालेलं नाही, ते असेच असतात. त्यांच्या शेजारी जे दोन मोठे गुलाबी आहेत, खालच्या बाजूला तपकिरी खडबडीत व्रण, बाजूने शर्टाच्या चेनसारखी उभी रेघ आणि मध्ये भोक पडून आतला गर दिसणारे, ते मात्र तसे नसतात. ते ब्रँडीवाइन आहेत आणि त्यांना थंडी बाधली आहे.

तुम्ही हे दोन्ही एकाच परातीत ठेवलेत आणि दोन्हींना 'निसर्गाचे खरे' म्हणालात. माझा पहिला मुद्दा इथेच आहे. एक वाकडेपणा बियातून आलेला, दुसरा हवेतून. पहिला जपायचा, दुसरा पुढच्या वर्षी कमी करायचा. दोन्हींची एकत्र वकिली केलीत तर सून काय, मीही पटवून घेणार नाही.

बियातल्या वाकडेपणाची गोष्ट मोठी गमतीची आहे. टोमॅटोचा दक्षिण अमेरिकेतला रानटी पूर्वज करवंदाएवढा, आडवा कापला तर आत दोनच कप्पे. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या मोठी फळं निवडली, तसे कप्पे वाढत गेले. यामागचे दोन मुख्य जनुकीय बदल शास्त्रज्ञांना माहीत आहेत. फूल घडत असताना 'आता पुरे, वाढ थांबवा' ही सूचना या बदलांमुळे ढिली पडते आणि दोनाच्या जागी सहा, आठ, दहा कप्पे तयार होतात. कप्प्यांच्या मधल्या भिंती जिथे कवचाला भिडतात तिथे खाच पडते, कप्पा फुगतो तिथे बरगडी. तुमचा राइझेटोमाटे तर त्याच्याही पुढे गेलेला. एकाच देठावर दहा-पंधरा चेरी टोमॅटो वितळून एक झाल्यासारखा दिसतो. जर्मन नावाचा अर्थ 'प्रवासाचा टोमॅटो', कारण सुरी न लागता बोटांनी एकेक बोंड तोडून खाता येतं. चवीला मात्र चांगलाच आंबट आणि पाणचट. नवलाई सोडली तर मला तो कधी आवडला नाही, हे आधीच सांगून टाकते.

आता हवेतला वाकडेपणा. ब्रँडीवाइनसारख्या मोठ्या, अनेक कप्प्यांच्या फळांना तो जास्त होतो. फूल उमलायच्या साधारण तीन आठवडे आधी, कळी आत घडत असताना रात्री फार गार गेल्या की फुलाचे भाग नीट सुटे होत नाहीत, आणि तो गोंधळ फळावर व्रण होऊन दिसतो. तुम्ही ऑक्टोबरअखेर पेरलंत, नोव्हेंबरअखेर रोपं बॅगेत लावलीत, म्हणजे कळ्या धरल्या त्या ऐन डिसेंबर-जानेवारीत. नाशिकला पारा १० अंशांखाली उतरतो हे मी तुम्हाला काय सांगायचं, निफाड तर तुमच्या शेजारचं.

मुलाचं पंचांग वेगळं आहे. न्यू जर्सीत मेच्या मध्यावर, हिमाची भीती सरली की रोपं जमिनीत जातात आणि ऑगस्टमध्ये फळं येतात. आपल्याकडे उन्हाळा हाच टोमॅटोचा शत्रू. दिवसा ३५ अंशांच्या वर गेलं किंवा रात्री २४च्या खाली उतरलंच नाही, तर पराग निकामी होऊन फुलं गळतात. म्हणजे तुम्हाला थंडी आणि ऊन यांच्या मधली फट पकडायची आहे. बी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत ट्रेमध्ये टाका, वर बारीक जाळी बांधा, आणि पाऊस ओसरू लागला की सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात रोपं हलवा. नोव्हेंबरात बहर येईल. मोठ्या वाणांना लावणीपासून ८० दिवस सहज लागतात, तेव्हा नाताळाच्या आसपास पहिला तोडा. मुंबई-कोकणातल्या वाचकांना थंडीचं भय नाही, त्यांना उबदार रात्रींचं आहे. त्यांनी ऑक्टोबरच्या सुरुवातीला पेरावं आणि मोठ्या फळांच्या नादी न लागता लहान फळांची वाणं धरावीत. गोव्यात आणि तळकोकणात मर रोगाचाही त्रास असतो, म्हणून तिथे दर वर्षी बॅगेतली माती बदललेली बरी.

जाळी का, तर पांढऱ्या माशीसाठी. तुमच्या तिसऱ्या फोटोत जे झाड खुजं राहून पानं वर वळवून बसलंय, त्याला पर्णगुच्छ (लीफ कर्ल) रोग झालाय. हा विषाणू पांढरी माशी आणते, त्यावर औषध नाही. झाड उपटून पिशवीत बांधून टाका, दया दाखवू नका. बाकीच्यांसाठी पिवळे चिकट सापळे टांगा, दर आठ-दहा दिवसांनी पानांच्या खालून कडुनिंबाच्या तेलाची फवारणी करा. आणि हेही मान्य करा की या जुन्या वाणांच्या अंगी असल्या रोगांशी लढायची ताकद फारशी नाही. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने 'अर्का रक्षक' हे संकरित वाण काढलं, ते पर्णगुच्छ, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना दाद देत नाही. शेतकरी ते निवडतो ते चवीचं वावडं असतं म्हणून नव्हे.

यावरून 'प्लॅस्टिकसारखे बेचव' या शब्दांकडे येते. ताई, तुमच्या घरापासून तासाभरावर पिंपळगाव बसवंतची बाजार समिती आहे. तिथे २० किलोच्या क्रेटवर बोली लागते. क्रेट दिल्लीला नाही तर त्याच्याही पुढे जाणार. तुमचा कोस्तोलुतो त्यात घातला तर वाटेतच सार होईल. जाड सालीचं, गोल, एकावर एक रचता येणारं फळ बाजाराने मागितलं, शेतकऱ्याने पिकवलं. ते हिरवट-गुलाबी असताना तोडतात आणि ते पेटीत रंग धरतं, चव तिथे जाते. तेच हायब्रीड तुमच्या गच्चीवर झाडावर लाल होऊ दिलंत तर तुम्हीच म्हणाल, बरं आहे की.

तरी तुमच्या म्हणण्यात तथ्य नाही असं नाही. टोमॅटो सगळीकडून एकसारखा लाल व्हावा म्हणून पैदासकारांनी कित्येक दशकं एक बदल निवडला: कच्च्या फळाचे देठाजवळचे खांदे गडद हिरवे न राहता फळ सगळीकडून फिकं हिरवं राहतं. २०१२ साली 'सायन्स' या नियतकालिकात संशोधकांनी दाखवलं की हा बदल ज्या जनुकात आहे तेच फळातली हरितद्रव्यं वाढवतं, आणि ते बंद पडलं की साखरही घटते. दिसण्यासाठी गोडवा गेला, हे खरंच घडलंय. तुमच्या चेरोकी पर्पलचे खांदे पिकल्यावरही हिरवट राहतात, ते खराब नाहीत. उगाच जास्त पिकायची वाट पाहून ते सडवू नका.

त्या चेरोकी पर्पलचीही एक हकिकत आहे. अमेरिकेतले टोमॅटोवेडे क्रेग लेहुलियर यांना १९९० साली टेनेसीमधून एका माणसाने पाकिटात बी पाठवलं, चेरोकी लोकांकडून आलेलं वाण आहे एवढ्याच माहितीसह. नावही नव्हतं, ते लेहुलियरनी दिलं. पुढे त्यांनी बी विक्रीसाठी एका बियाणेवाल्याकडे दिलं, तर तो म्हणाला, चव उत्तम, पण मार लागून पाय काळानिळा पडावा तसा रंग आहे, लोक घेतील का? आज तो जगातल्या सर्वांत लोकप्रिय एअरलूमपैकी एक आहे. तेव्हा तुमच्या शेजारणीला पहिल्यांदा पाहून शंका आली, यात तिचा फार दोष नाही.

शेजारणीचं ते बादलीचं प्रकरण तुम्हाला लागलंय, पत्रात दोनदा आलंय. पण मला सांगा, तुम्ही ते टोमॅटो कधी दिलेत? झाडावर पूर्ण पिकल्यावर. या वाणांची साल पातळ असते, पिकलेलं फळ खोलीच्या तापमानाला दोन दिवसही नीट राहत नाही. संध्याकाळी दिलेत, तिने फ्रीजवर ठेवले, सकाळी फुटून पाणी सुटलं असेल. न मागता भाजी देणं म्हणजे कधीकधी समोरच्याला काम देणं. मीही एकदा एका मैत्रिणीला सहा किलो दोडके दिले होते, ती आजही मला लांबून नमस्कार करते. पुढच्या वेळी नुसतं फळ देऊ नका. चेरोकी पर्पलचे जाड काप करा, वर मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड, आणि ती ताटली घेऊन दारात उभ्या राहा. खाऊन झाल्यावर सांगा हा कोणता टोमॅटो ते.

केमिकलबद्दल विचारणारीला सरळ उत्तर द्या. व्रण पडलेली, नाक आलेली फळं खायला सुरक्षित असतात. खडबडीत भाग कापून टाकायचा. फळ खालून काळं, चामड्यासारखं दबलेलं असेल तर तो फुलाकडच्या टोकाचा सडा, तेवढा कापून उरलेलं वापरता येतं. बुरशी दिसली तर मात्र पूर्ण फळ फेकायचं. हा सडा चुन्याच्या कमतरतेने होतो म्हणून तुम्ही अंड्याची टरफलं घालता, असं लिहिलंयत. घाला, नुकसान नाही, पण ती कुजून झाडाला मिळायला फार काळ जातो. खरं कारण बहुतेक वेळा पाण्यातली अनियमितता असते. दोन दिवस विसरलं, तिसऱ्या दिवशी बादलीभर ओतलं, की कॅल्शियम फळाच्या टोकापर्यंत पोचत नाही, आणि फळं तडकतात ती वेगळीच. बॅगेवर चार बोटं पालापाचोळा किंवा उसाचं पाचट पसरा आणि रोज सकाळी थोडं थोडं पाणी द्या. आणि बॅगा लहान आहेत तुमच्या. ब्रँडीवाइनची वेल सहा-सात फूट जाते, तिला १५ इंची बॅग कमीत कमी. मी पहिल्या वर्षी ते तेलाच्या डब्यात लावलं होतं. माझ्या उंचीचं झाड, टोमॅटो दोन. एक खारीने नेला.

आता सून.

तुम्ही विचारलंयत, तिला समजावू कसं. मी उलटं विचारते, तिला कधी विचारलंत का? पत्रात तिच्या तोंडचं एकही वाक्य नाही. "बाजूला सारते" एवढंच आहे. तुम्हीच लिहिलंयत की ती सकाळी साडेसातला डबे भरते. त्या वेळी तिला वरणात घालायला एक टोमॅटो हवा असतो, चार सुरीचे घाव आणि झालं. कोस्तोलुतो धुवायचा तर चुण्यांमधली माती बोटाने काढावी लागते, देठाचा कडक गाभा खोलवर गेलेला, तो कोरून काढावा लागतो, आणि रस ओट्यावर पसरतो तो पसरतोच. तिचा राग टोमॅटोच्या रूपावर नसेल, घड्याळावर असेल. नसेलही. पण तुम्ही तिला 'खऱ्या' टोमॅटोवर व्याख्यान देण्याआधी हे एकदा विचारून घ्या.

आणि ते काम तुम्ही अंगावर घेऊ शकता. दुपारी तुम्हाला वेळ असतो. कोस्तोलुतोचा जन्मच शिजवण्यासाठी आहे, आंबट आणि रसदार. कुकरला वाफवा, गाळणीवर घासून रस काढा, मग सालीची आणि चुण्यांची भानगडच उरत नाही. ओलं खोबरं, जिरं, हिरवी मिरची वाटून लावा, गुळाचा खडा, वर तुपाची हिंग-जिऱ्याची फोडणी. असं सार रात्री पानात आलं तर आकाराचा विषय निघणार नाही. उरलेला रस बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवा. सकाळी साडेसातला वरणात दोन खडे टाकायचे, सुरीही नको. हे खडे सुनेला आवडतील अशी मी पैज लावायला तयार आहे.

मग लावायचं काय? सगळं बंद करून हायब्रीड, हा पर्याय रागातला आहे, तो सोडा. पुन्हा चारही वाणं १४ बॅगांत, हाही हट्टच. माझ्या हातात असतं तर मी चेरोकी पर्पलच्या तीन बॅगा ठेवल्या असत्या, कोस्तोलुतोच्या तीन, आणि ब्रँडीवाइनची एकच, मोठी. राइझेटोमाटे नातवाला हवाच असेल तर एक. बाकीच्यांपैकी दोन बॅगा सुनेच्या. त्यांत काय लावायचं ते तिने ठरवायचं, आणि तिने 'अर्का रक्षक' किंवा अगदी कोथिंबीर म्हटलं तरी तुम्ही काही बोलायचं नाही.

उरलेल्या चारांत गावठी टोमॅटो लावा. हे मला सगळ्यांत मनापासून सांगायचंय. आमच्या आजोळी, अमरावतीकडे, टोमॅटोला भेदरं म्हणत. चपटं, बरगड्यांचं, देठाशी हिरवं, आणि इतकं आंबट की वांग्याच्या भाजीला एक पुरे. जेनोव्हाच्या टोमॅटोचा फोटो मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला आजीच्या परसातल्या उकिरड्याशेजारचं ते आपोआप उगवलेलं झाड आठवलं. तुमच्या सासूबाईंनीही असेच टोमॅटो चिरले असतील, आणि त्यांना कुणी केमिकल मारलंय का विचारलं नसेल. आठवडी बाजारात एखादी बाई अजूनही थोडे घेऊन बसलेली असते, दोन पिकलेली फळं आणा, तेच बी. नाशिकहून अकोले तालुका लांब नाही. तिथल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणं जपण्याच्या कामासाठी २०२०ची पद्मश्री मिळाली. मुलगा पुढच्या सुट्टीत आला की त्याला घेऊन जा तिकडे.

मुलावरून एक जरा कडक गोष्ट. बॅगेतून बी आणणं यापुढे नको. परदेशातून लावणीचं बी आणायला भारतात आयात परवाना आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं, २००३च्या वनस्पती विलगीकरण आदेशाप्रमाणे. हा कागदी सोपस्कार वाटेल, पण २०१४-१५च्या सुमारास इस्राएल-जॉर्डनमध्ये दिसलेला टोमॅटोचा एक विषाणू, ब्राउन रुगोज, बियातून आणि नुसत्या हाताच्या स्पर्शातूनही पसरत पुढच्या काही वर्षांत कितीतरी देशांत गेला. तुम्ही राहता टोमॅटोच्या शेतांच्या जिल्ह्यात. ही नावं आता भारतातले बियाणेवालेही विकतात, तिथून घ्या.

बी धरण्याबद्दल विचारलंयत. निरोगी झाडाचं, चांगलं पिकलेलं फळ घ्या. बिया गरासकट वाटीत काढा, थोडं पाणी घाला, झाकून दोन-तीन दिवस ठेवा. वास येईल, वर पांढरा थर धरेल, घाबरू नका, त्यानेच बियांभोवतीचं बुळबुळीत आवरण सुटतं. चाळणीत धुवा, ताटलीत सावलीत वाळवा, कागदावर नको, चिकटतात. टोमॅटोचं फूल बहुधा आपलं आपणच फळतं, पण ब्रँडीवाइनसारख्या मोठ्या फुलांत माशा-भुंगे संकर करून जातात. त्यासाठी हळदीकुंकवाला वाण देताना वापरतो ती जाळीची पोटली घ्या, कळ्या उमलायच्या आधी घोसावर बांधा, फळ धरलं की सोडा. त्या फांदीला लाल दोरा बांधून ठेवा, म्हणजे सून चुकून तो टोमॅटो तोडणार नाही. आता तर ती तोडायची शक्यता आहे.

नाक्याचं राहिलं. नाक म्हणजे फळ घडताना हवामानाच्या ताणाने बाहेरच्या बाजूला फुटलेला एक जादा कप्पा, बाकी काही नाही. ते बियात उतरत नाही, म्हणजे नाक्याची मुलं नाकवाली निघतीलच असं नाही. पण हे नातवाला आत्ता सांगू नका. त्यालाच नाक्याचं बी काढू द्या आणि राइझेटोमाटेची बॅग त्याच्याकडून परत घेऊन तिच्यात ते लावू द्या. जानेवारीत काय निघालं, फोटो पाठवा.